मुंबईत पावसाळा सोडला तर बाकी वर्षभर हवामानाची भीती नसते ना?

तुम्ही नोकरीसाठी येताय आणि जुलैतल्या पावसाचं ऐकून आहात, बाकीचे महिने निर्धास्त का, असं विचारलंय. जन्मापासून इथेच राहतेय, म्हणून स्पष्ट सांगते: नाही. मला जुलैपेक्षा मे महिन्यातल्या दुपारची धास्ती जास्त वाटते. जुलैत सगळे सावध असतात, मेमध्ये कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

मेमध्ये जमीन तापलेली असते आणि समुद्रावरून दमट हवा येत असते. ती झपाट्याने वर चढते, दुपारनंतर ठाणे-बदलापूरच्या बाजूला काळे ढग उभे राहतात. त्यांतला बराच पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतो. त्याने तिथली हवा गार आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीलगत चौफेर पसरते. वळवाआधी धुळीचे लोट घेऊन सुटणारा सोसाट्याचा वारा तो हाच. १३ मे २०२४ रोजी अशाच वाऱ्यात घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. आभाळ पिवळट दिसलं की होर्डिंग, झाड किंवा पत्र्याच्या शेडखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत शिरा.

चक्रीवादळंही पावसाळ्याच्या आगेमागेच येतात, तेव्हा अरबी समुद्राचं पाणी चांगलंच तापलेलं असतं. १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईला न धडकता समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता.

मार्चमध्ये पूर्वेकडचे वारे जोरात असले की खारे वारे शहरात उशिरा शिरतात आणि पारा चढतच राहतो. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश नोंदले गेले. थंडीत वारा पडतो, गार हवा जमिनीलगत अडकते आणि धूळ-धूर तिच्यातच राहतो. दमा असेल तर मास्क जवळ ठेवा.

आणि पाऊस? तो नुसता किती पडला यावर सगळं ठरत नाही. मोठ्या भरतीच्या वेळी समुद्र नाल्यांचं पाणी घेत नाही, म्हणून अंदाजासोबत भरतीची वेळही बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहरात एवढा फरक! म्हणून कुर्ला, कलिना अशा मिठी नदीच्या काठच्या भागात घर बघत असाल तर तळमजला घेण्याआधी शेजाऱ्यांना विचारा, त्या दिवशी पाणी कुठपर्यंत चढलं होतं. अडचणीत महापालिकेचा १९१६ हा नंबर लावा.