तबला बंद करू नकोस

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला पण पेपर तपासणीच्या गडबडीत उत्तर द्यायचं राहून गेलं. नेटसाठी, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेसाठी, तबल्याचा क्लास सोडतेयस हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी तालुक्याच्या कॉलेजात बीए केलं, मग एमए, सेट ही राज्याची तशीच पात्रता परीक्षा दोनदा हुकली, तिसऱ्यांदा निघाली, मधली चार वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर काढली. तेव्हा माझाही तबला माळ्यावरच होता. एकदा एसवायला, म्हणजे बीएच्या दुसऱ्या वर्षाला, मानसशास्त्रातला स्मृतीचा भाग शिकवत होते, जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाचा १९५६ चा तो सात अधिक-उणे दोनवाला पेपर, एका वेळी साधारण सातच गोष्टी लक्षात राहतात, सुटं सुटं लक्षात राहत नाही, गठ्ठे केले की राहतं, फळा भरला तरी पोरं नुसती बघत बसलेली. मग काय सुचलं कोण जाणे, टेबलावरच तीनताल धरला. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. बोल सोळा, पण गठ्ठे चारच, दोन-तीन आवर्तनांत मागचा बाकसुद्धा म्हणायला लागला. मग तेच सोळा बोल उलटसुलट करून फळ्यावर लिहिले, पुसले, आणि सगळे अर्ध्यातच अडकले. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये बुद्धिबळावर हेच दाखवलंय, खऱ्या डावातले मोहरे मास्टरला एका नजरेत आठवतात, कसेही मांडले की त्याचीही गत आपल्यासारखीच. माझा पीएचडीचा विषय त्या तासातून निघाला, ताल शिकणाऱ्यांची स्मृती.

नेटचा अभ्यास करायचाच आहे, तीन तासांत १५० प्रश्न म्हणजे सराव हवाच, पण त्याला सकाळचे तास दे. आठवड्यातले दोन क्लास सोडलेस म्हणून तू पास होशील असं मला अजिबात वाटत नाही. आणि क्लिनिकल सायकॉलॉजीचं डोक्यात असेल तर त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नुसतं एमए पुरत नाही, ते आपण वेगळं बोलू.

पीएचडीच्या अर्जात "छंद: तबला" एवढंच लिहू नकोस. किती वर्षं शिकलीस, कुठला ताल अजून हातात बसत नाही, चुकतेस तेव्हा नक्की कुठे चुकतेस, ते लिही. झपतालात तू तिसऱ्या विभागात घाई करतेस ना, मला ते वाचायला आवडेल.

शनिवारी चारला प्रॅक्टिकलची बॅच सुटते, डिपार्टमेंटला ये. डग्गा-तबला मी घेऊन येते, तू फक्त अर्जाचा कच्चा ड्राफ्ट आण.

तुझी,
मॅडम