तुमचे प्रश्न : तक्त्यांवरून आपोआप तयार होणारे फॉर्म

प्रश्न (पिंपळगाव बसवंत) : आमचे द्राक्षांचे पॅकहाउस आहे. शेतकरी, बागा, आवक, पेमेंट सगळे एक्सेलमध्ये आहे. मुलाला बऱ्यापैकी पायथन येते. फॉर्म हाताने न बनवता डेटा मॉडेलवरून आपोआप मिळतात म्हणे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : पायथन येत असेल तर जँगो घ्या, ते पायथनमध्ये वेब सॉफ्टवेअर बनवण्याचे तयार साधन आहे. त्याचे ॲडमिन, म्हणजे नोंदी सांभाळायची तयार पाने, तुमचे मॉडेल (तक्त्यात कोणते रकाने आहेत हे सांगणारा कोड) वाचून यादी आणि भरायचा फॉर्म तयार करते. कोणी कोणता रकाना बदलला याचीही नोंद राहते, जुना आकडा मात्र राहत नाही. मॉडेल लिहा, ॲपचे नाव सेटिंग्जमध्ये घाला, मेकमायग्रेशन्स (डेटाबेसमधल्या बदलांची फाइल, म्हणजे मायग्रेशन, बनवते), मायग्रेट (ते बदल डेटाबेसवर करते) आणि क्रिएटसुपरयुजर (मुख्य लॉगिन बनवते) या आज्ञा क्रमाने चालवा, मग ॲडमिन फाइलमध्ये प्रत्येक मॉडेल नोंदवा. एवढ्यावर फॉर्म दिसू लागतो.

वेळ द्यायचा तो मॉडेलला, कारण तिथली चूक जशीच्या तशी फॉर्मवर उमटते. एका शेतकऱ्याच्या दोन बागा असतात, म्हणून निर्यात नोंदणी क्रमांक बागेच्या मॉडेलमध्ये ठेवा, शेतकऱ्याच्या नव्हे. दर आवकेच्या प्रत्येक ओळीत साठवा. तो वाणाच्या मॉडेलमधून वाचत राहिलात, तर आज दर बदलताच मागच्या महिन्याच्या पावत्यांची रक्कमही बदलेल. वजन आणि रक्कम डेसिमलफिल्डमध्येच (अचूक दशांश आकड्यांच्या रकान्यात) हवी. फ्लोट अपूर्णांक फक्त जवळपास साठवतो, त्यामुळे बेरजेला पैशांचा फरक पडतो. मोबाइल नंबर कॅरफिल्डमध्ये (मजकुराच्या रकान्यात) ठेवा. इंटिजरफिल्डची, म्हणजे पूर्णांकांच्या रकान्याची, सुरक्षित मर्यादा २१४७४८३६४७ आहे, त्यात आपले दहा आकडी मोबाइल नंबर मावतच नाहीत. बागेकडून शेतकऱ्याकडे जाणाऱ्या फॉरिन कीला (एका तक्त्याची नोंद दुसऱ्याशी जोडणाऱ्या रकान्याला) प्रोटेक्ट लावा, म्हणजे बागा असलेला शेतकरी पुसता येणार नाही. कॅस्केड असेल तर एक शेतकरी पुसताना त्याच्या बागाही जातात, आणि पुढेही कॅस्केडच असेल तर आवकसुद्धा.

पावतीच्या फॉर्मखालीच तिच्या ओळी तक्त्यासारख्या भरण्यासाठी टॅब्युलरइनलाइन वापरा. तो तीन रिकाम्या ओळी दाखवतो. त्या कमी करायला त्यातल्या ‘एक्स्ट्रा’ या सेटिंगची किंमत १ करा. शेतकऱ्यांची संख्या हजारांत गेली की ड्रॉपडाउन सगळी नावे एकदम आणतो आणि फॉर्म उघडायला वेळ लागतो. तिथे ऑटोकम्प्लीट फिल्ड्स (टाइप करताच जुळणारी नावे सुचवणारी सोय) लावा, पण शेतकऱ्याच्या ॲडमिनमध्ये सर्च फिल्ड्स (कोणत्या रकान्यांत शोधायचे ते) दिल्याशिवाय ते चालत नाही. मराठी नावे व्हर्बोज नेममध्ये (पडद्यावर दिसणाऱ्या नावात) द्या, अनेकवचनही वेगळे लिहा. नाहीतर जँगो नावापुढे इंग्रजी एस जोडतो आणि ‘शेतकरीs’ असे काहीतरी दिसते.

सर्वात मोठा धोका रकान्याचे नाव बदलताना असतो. मेकमायग्रेशन्स विचारते, नाव बदलले आहे का? घाईत ‘नाही’ म्हटले तर जुना रकाना काढून नवा जोडणारे मायग्रेशन तयार होते, आणि ते चालवले की त्यातली माहिती गेली. म्हणून प्रत्येक मायग्रेटआधी बॅकअप घ्याच, आणि तयार झालेली फाइल उघडून वाचा.

हे ॲडमिन कार्यालयातल्या विश्वासू माणसांसाठी आहे. शेतकऱ्यांना स्वतःची पावती पाहायला द्यायची असेल तर त्यासाठी वेगळे, साधे पान लिहा.

प्रश्न (अंबड) : कारखान्यातल्या जुन्या सॉफ्टवेअरचा मायएसक्यूएल डेटाबेस आहे. त्यावरून असे फॉर्म निघतील का?

उत्तर : निघतील. इन्स्पेक्टडीबी ही आज्ञा तक्ते वाचून मॉडेलचा मसुदा देते. त्यात ‘मॅनेज्ड’ हे सेटिंग ‘फॉल्स’ असते, म्हणजे जँगो त्या तक्त्यांची रचना बदलत नाही. पण डेटाबेसमध्ये फॉरिन कीचे बंधन घातलेले नसेल, तर नात्याच्या जागी नुसता आकड्यांचा रकाना येतो. ती नाती हाताने लिहावी लागतात. हे सगळे डेटाबेसच्या प्रतीवर करा, आणि सुरुवातीला माणसांना फक्त पाहण्याची परवानगी द्या. जुने सॉफ्टवेअर जावक नोंदवताना स्टॉक स्वतःच्या कोडमधून कमी करत असेल, तर ॲडमिनमधून केलेली जावक तो कोड चालवणार नाही आणि स्टॉक जुळणार नाही. तसा हिशेब नेमका कोणकोणत्या तक्त्यांवर होतो हे कळेपर्यंत नोंदी जुन्या सॉफ्टवेअरमधूनच करा.