बायपास: बीटिंग हार्ट की मशीनवर?

वडिलांच्या तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे आहेत, एक सर्जन बीटिंग हार्ट पद्धत (मशीनशिवाय, धडधडत्या हृदयावरच बायपास) सुचवतात आणि दुसरे हृदय व फुफ्फुसांचे काम तात्पुरते सांभाळणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर बायपास करू म्हणतात, तर सुरक्षित काय, असे आपण विचारले आहे. परफ्युजनिस्ट म्हणून मी अनेक वर्षे हेच मशीन चालवले आहे. माझ्या मते पद्धतीपेक्षा तो सर्जन रोज कोणत्या पद्धतीने काम करतो, हे अधिक महत्त्वाचे आहे.

मशीनवर हृदय थांबवलेले असते, त्यामुळे जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या वाहिनीवर शांतपणे टाके घालता येतात. बीटिंग हार्टमध्ये स्टॅबिलायझरने हृदयाचा तेवढाच भाग स्थिर धरतात. समोरच्या वाहिनीचे काम त्यात सहसा सुरळीत होते. खरी कसोटी मागच्या बाजूच्या वाहिनीसाठी हृदय उचलताना लागते. त्या क्षणी रक्तदाब घसरतो, भूलतज्ज्ञ 'प्रेशर पडतंय' म्हणून सांगतात आणि सर्जनला हृदय पुन्हा खाली ठेवून थांबावे लागते. सवय नसलेल्या हातांकडून नेमके तिथलेच ग्राफ्ट (अडथळ्यापलीकडे रक्त नेण्यासाठी जोडलेली वाहिनी) कमी पडते किंवा राहून जाते.

दोन्ही पद्धतींची रुग्णांवर तुलना करणाऱ्या अमेरिकेतील रूबी चाचणीत (2009) बीटिंग हार्ट गटात वर्षभरानंतर उघडे राहिलेले ग्राफ्ट कमी आढळले आणि पुढे पाच वर्षांतील मृत्यूही त्याच गटात अधिक होते. मात्र तिथे सर्जनच्या नावावर अशा वीस शस्त्रक्रिया असल्या तरी पुरे होते. अशाच 'कोरोनरी' नावाच्या चाचणीत 4752 रुग्ण होते आणि शंभराहून अधिक अशा शस्त्रक्रिया केलेले सर्जन घेतले होते. तिथे पाच वर्षांनंतरही दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. बीटिंग हार्टमध्ये रक्त कमी चढवावे लागले आणि मूत्रपिंडाला तात्कालिक इजाही कमी झाली, परंतु वर्षअखेरीस मूत्रपिंडाच्या कार्यात फरक उरला नव्हता. केवळ क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले आहे म्हणून बीटिंग हार्टचा हट्ट धरू नये, असे मला त्यावरून वाटते.

एक अपवाद मात्र मी आवर्जून सांगेन. महाधमनीत कॅल्शियम साचलेले असेल, तर मशीनची नळी आणि क्लॅम्प लावताना त्याचे कण सुटून मेंदूत जाण्याचा, म्हणजे पक्षाघाताचा, धोका असतो. तेव्हा महाधमनीला हातच न लावता, छातीतील धमन्या वापरून केलेली बीटिंग हार्ट बायपास अधिक योग्य ठरते. यासाठी छातीचा सीटी स्कॅन लागेल का, हे दोन्ही सर्जनना विचारावे. बीटिंग हार्ट सुचवणाऱ्यांना आणखी विचारावे की मागच्या बाजूचे ग्राफ्ट ते नेहमी करतात का, किती रुग्णांना मध्येच मशीनवर घ्यावे लागते आणि त्या दिवशी मशीन व परफ्युजनिस्ट थिएटरमध्ये सज्ज असतील का.