नॅनोपार्टिकलमुळे ब्रेस्ट कॅन्सरचं औषध फक्त गाठीतच जातं, बाकी शरीराला काही होत नाही, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की आईचा ब्रेस्ट कॅन्सर लिव्हरपर्यंत पसरलाय, डॉक्टरांनी नॅब-पॅक्लिटॅक्सेल सुचवलंय, आणि नेटवर वाचलंत की ही नॅनोपार्टिकल, म्हणजे औषधाचे अतिसूक्ष्म कण, कॅन्सरच्या पेशी शोधून काढतात आणि तिथेच औषध सोडतात, म्हणून साइड इफेक्ट होत नाहीत. मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेय आणि बरीच वर्षं अशाच औषधांच्या फॉर्म्युलेशनवर काम करतेय, त्यामुळे आईला काय द्यायचं ते त्यांचे ऑन्कोलॉजिस्टच ठरवणार, पण हे औषध शरीरात गेल्यावर काय करतं ते मी नीट सांगू शकते.

औषध चांगलं आहे, अगदी निश्चित. पण ते पेशी शोधत वगैरे फिरत नाही, आणि साइड इफेक्ट होतात. हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण "काहीच होणार नाही" असं समजून बसलेल्या घरात पहिल्या-दुसऱ्या डोसनंतर केस गळायला लागले किंवा बोटं बधिर झाली की सगळे हादरतात, काहीतरी चुकलं असं वाटायला लागतं.

पॅक्लिटॅक्सेल हे मूळ केमोचं औषध जुनंच आहे. त्याची अडचण अशी की ते पाण्यात विरघळतच नाही, मग शिरेतून द्यायचं कसं? म्हणून ते एरंडेल तेलापासून बनवलेल्या क्रेमोफोर नावाच्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून देतात. पण या क्रेमोफोरचीच काही पेशंटना भयंकर अ‍ॅलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं द्यायची आणि मग बऱ्याचदा तीन तास सलाइन चालवायचं. नॅबमध्ये क्रेमोफोर काढून टाकलंय आणि पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिनबरोबर, म्हणजे आपल्या रक्तात असतंच त्या प्रोटीनबरोबर, साधारण १३० नॅनोमीटरच्या कणांत बसवलंय. त्यामुळे अर्ध्या तासात सलाइन संपतं आणि बहुतेकांना आधी स्टेरॉइड द्यावं लागत नाही. आणि गंमत म्हणजे रक्तात मिसळल्यावर हे कण बऱ्यापैकी लगेच सुटतात, पुढचा प्रवास अल्ब्युमिनला चिकटलेलं औषधच करतं. द्रावक गेल्यामुळे डोस वाढवता आला, हा यातला मोठा फायदा.

अमेरिकेत २००५ च्या जानेवारीत पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी याला मंजुरी मिळाली ती ज्या ट्रायलवर, त्यात दर तीन आठवड्यांनी नॅब २६० मिलिग्रॅम आणि जुनं पॅक्लिटॅक्सेल १७५ मिलिग्रॅम, दोन्ही शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे, असं दिलं होतं. गाठी लक्षणीय लहान होण्याचं प्रमाण नॅबमध्ये ३३ टक्के, जुन्यात १९ टक्के. आजार पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा काळ २३ आठवडे विरुद्ध जवळपास १७ आठवडे. डोस जास्त असूनही पांढऱ्या पेशी फारच खाली जाण्याचं प्रमाण कमी होतं, पण हातापायांचा त्रासदायक बधिरपणा नॅबमध्ये जास्त होता, १० टक्के विरुद्ध २ टक्के. म्हणजे एक त्रास कमी झाला, एक वाढला. आणि एकूण आयुष्य वाढलं का, तर सगळ्या पेशंटचा हिशेब एकत्र केल्यावर ठाम म्हणता येईल असा फरक निघाला नाही. लवकरच्या स्टेजमध्ये, ऑपरेशनच्या आधी देऊन बघितलं तेव्हाही चित्र असंच मिश्र आलं, जर्मनीतल्या गेपारसेप्टो ट्रायलमध्ये गाठ पूर्ण विरघळण्याचं प्रमाण २९ वरून ३८ टक्क्यांवर गेलं, पण एटना नावाच्या दुसऱ्या ट्रायलमध्ये तेवढा स्पष्ट फायदा दिसला नाही.

यापेक्षा माझं आवडतं उदाहरण डॉक्सोरुबिसिनचं, तेच ते केमोचं लाल रंगाचं औषध. त्याची खरी भीती हृदयाची, एकूण डोस वाढत गेला की हृदयाचे स्नायू कमजोर होत जातात आणि म्हणून आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा असते. मग काय केलं, चरबीच्या शंभरेक नॅनोमीटरच्या पोकळ गोळ्यात, ज्याला लायपोसोम म्हणतात, औषधाचे १० ते १५ हजार रेणू कोंडले आणि वर पीईजी नावाच्या पॉलिमरचं आवरण दिलं, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी त्याला लगेच गिळू नये. हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्यांची वीण घट्ट असते, सुटं औषध तिथून सहज निसटून स्नायूत शिरतं पण एवढा मोठा गोळा निसटत नाही. पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये साध्या डॉक्सोरुबिसिनशी तुलना केली तेव्हा कॅन्सरवरचा परिणाम जवळपास सारखाच आला, हृदयाचं नुकसान मात्र खूपच कमी झालं. बदल्यात तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटायचा त्रास वाढला, कारण हे गोळे दिवसेंदिवस रक्तात फिरत राहतात आणि त्वचेत साठतात.

माझं मत विचाराल तर आजवर ब्रेस्ट कॅन्सरमध्ये नॅनोची खरी कमाई हीच आहे. गाठीत जास्त पोचवण्यापेक्षा नको तिथे जाऊ न देण्यात किंवा नको असलेलं द्रावक काढून टाकण्यात तिने जास्त काम केलंय. पेशंटच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाहीये, हृदय शाबूत राहिलं तरच पुढची ट्रीटमेंट देता येते.

मग ते "थेट गाठीत" कुठून आलं? १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीच्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, चाळणीसारख्या, त्यातून मोठे कण बाहेर झिरपतात आणि गाठीतून निचरा नीट होत नसल्यामुळे तिथेच साठून राहतात. कल्पना सुंदर आहे आणि उंदरांमध्ये छान चालते, पण उंदराची गाठ काही आठवड्यांत त्याच्या शरीराच्या मानाने प्रचंड होते, माणसाची गाठ हळूहळू वाढते आणि एकाच पेशंटच्या दोन गाठीही सारख्या वागत नाहीत. २०१६ मध्ये टोरांटोच्या एका गटाने आधीच्या दहा वर्षांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसलं की दिलेल्या नॅनोपार्टिकलपैकी मध्यक काढला तर फक्त ०.७ टक्के गाठीत पोचतात. बाकीच्यांतला मोठा वाटा लिव्हर आणि प्लीहा गिळून टाकतात, बाहेरची वस्तू गाळायची हे त्यांचं कामच आहे. हा आकडा वाचून मी खूप दिवस अस्वस्थ होते, पण या क्षेत्राला त्याने जमिनीवर आणलं हे बरंच झालं.

लायपोसोमवर हर-टू, म्हणजे काही ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर जास्त असणारं प्रोटीन, ओळखणारे अँटिबॉडीचे तुकडे लावूनही बघितलं, एमएम-३०२ नावाने. कागदावर जबरदस्त वाटायचं, पण ट्रायलमध्ये नेहमीच्या ट्रीटमेंटपेक्षा फायदा दिसेना म्हणून २०१६ मध्ये ती थांबवली. याउलट ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅनसारखी औषधं, जी नॅनोपार्टिकल नसून अँटिबॉडीला औषध जोडून केलेली आहेत, ती हर-टू असलेल्या आणि आता कमी हर-टू असलेल्या गाठींमध्येही खूप चांगली ठरली. त्यांच्यातही फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका असतोच. आईचा हर-टू रिपोर्ट काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, तो आणि हार्मोन रिसेप्टरचा, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणारा रिपोर्ट डॉक्टरांबरोबर बसून नीट समजून घ्या, कारण औषध कणात भरलंय की नाही यापेक्षा या रिपोर्टवर जास्त गोष्टी ठरतात.

आणि कृपा करून "नॅनो" लिहिलेल्या हळदीच्या वगैरे कॅप्सूल ट्रीटमेंट म्हणून ऑनलाइन मागवू नका, ब्रेस्ट कॅन्सर त्याने बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि आधीच घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

नॅब सुरू करताना दोन गोष्टी आवर्जून विचारा. एक, नॅब आणि साधं पॅक्लिटॅक्सेल यांचे डोस वेगळे असतात, एकाच्या जागी दुसरं तसंच चालत नाही, त्यामुळे चिठ्ठीवर पूर्ण नाव आहे ना ते बघा. दुसरं, हे औषध लिव्हरमधूनच बाहेर पडतं आणि आईच्या लिव्हरमध्ये आजार आहे, म्हणून प्रत्येक डोसआधी बिलिरुबिन आणि लिव्हरचे एन्झाइम किती आहेत, त्यानुसार डोस कमी करायचा का, हे विचाराच. शर्टाची बटणं लावताना बोटं साथ देत नाहीत असं आई म्हणाल्या तर पुढच्या डोसपर्यंत थांबू नका, आणि ३८ डिग्री सेल्सिअसच्या वर ताप गेला तर रात्र असली तरी फोन करा.