फसलेल्या पुस्तकांची मैफल

प्रश्न : आम्ही काही मित्र दर महिन्याला जमून एखादे विचित्र किंवा भयंकर वाईट लिहिलेले पुस्तक मोठ्याने वाचतो आणि पोट धरून हसतो. चांगली पुस्तके पडून असताना हा वेळेचा अपव्यय आहे आणि त्यात लेखकाची टवाळीही आहे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. आमचे काही चुकते का?

उत्तर : वेळेची चिंता प्रथम सोडा, कारण हा उद्योग थोरामोठ्यांनीही केलेला आहे. आयरिश लेखिका अमँडा मॅकिट्रिक रॉस यांची पहिली कादंबरी १८९७ मध्ये निघाली. पुढे ऑक्सफर्डमध्ये टोल्किन आणि सी. एस. लुईस या लेखकांच्या मित्रमंडळात, न हसता रॉसबाईंचे लेखन कोण जास्त वेळ वाचू शकतो, अशी चुरस लागत असे. रॉसबाईंना मात्र स्वतःच्या थोरवीविषयी तिळमात्र शंका नव्हती, आणि खरी गंमत तिथेच आहे. बहुतेक वाईट पुस्तके नुसती कंटाळवाणी असतात व त्यांच्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही. चर्चा रंगते ती लेखकाने जीव ओतून, पूर्ण गांभीर्याने लिहिलेल्या आणि तरीही फसलेल्या पुस्तकावर. मुद्दाम वाईट लिहिलेल्या पुस्तकाला ही चव येत नाही.

नमुन्यादाखल मीच रचलेले एक वाक्य पाहा : ‘तिच्या अश्रूंच्या धबधब्यात त्याचे काळीज होडीसारखे भाजून निघाले.’ धबधब्यापर्यंत सारे ठीक आहे, होडीही कशीबशी तरते. पण पाण्यात भाजणार कसे? चांगल्या गद्यात उपमा एकमेकींना सांभाळून घेतात म्हणून त्या आपल्या लक्षातही येत नाहीत. इथे त्या आपसांत भांडतात, आणि हे वाक्य नेमके कुठे घसरले यावर तुमचे मित्र अर्धा तास वाद घालतात. इतक्या बारकाईने आपण आवडती पुस्तकेही क्वचितच वाचतो.

विचित्र पुस्तकांचा मासला म्हणजे पेद्रू कारोलिनू यांचे १८५५ चे पोर्तुगीज-इंग्रजी संभाषण शिकवणारे पुस्तक. इंग्रजीचे ज्ञान जेमतेम असल्याने त्यांनी फ्रेंचचा आधार घेतला, असे मानतात; त्यामुळे ताटकळत राहणे या अर्थाच्या फ्रेंच वाक्प्रचाराचे शब्दशः भाषांतर होऊन त्यात ‘माकड कडाकडा चावणे’ असा इंग्रजी वाक्प्रचार अवतरला. १८८३ च्या अमेरिकन आवृत्तीला विनोदी लेखक मार्क ट्वेन यांनी मोठ्या कौतुकाने प्रस्तावना लिहिली. परक्या भाषेत धडपडणाऱ्याला एरवी मी हसत नाही. पण जो शिक्षक होऊन पुढे येतो, त्याला ही सवलत कशाला?

टवाळीच्या बाबतीत मात्र घरच्यांचे निम्मे बरोबर आहे. छापून विक्रीला आलेल्या पुस्तकातील वाक्यावर हसण्याचा वाचकाला हक्क आहे; वाक्यावरून घसरून लेखकाच्या शिक्षणावर, रूपावर किंवा बोलीवर जाण्याचा नाही. नवोदिताने विश्वासाने वाचायला दिलेले हस्तलिखित तर या बैठकीत आणूच नका.

बाकी मैफल चालू द्या. वाचणाऱ्याला फक्त एक अट घाला : हसू फुटले की पुस्तक लगेच शेजाऱ्याच्या हाती द्यायचे. पुस्तक नीट निवडले असेल, तर पहिले पान संपेपर्यंत ते साऱ्यांच्या हातांतून फिरून परत तुमच्याकडे आलेले असेल.