कोट गरम होतो तो आतून

प्रश्न : मे महिन्यात सांगलीत भावाचं लग्न आहे, मुहूर्त भर दुपारचा. सूट शिवायचा आहे. दुकानदार एक पातळ कापड दाखवून ‘हे खास उन्हाळ्याचं’ म्हणतो. घ्यावं का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

पातळ कापड थंड असतंच असं नाही. पॉलिस्टर-व्हिस्कोसची वीण घट्ट असली की आतली वाफ आतच राहते. वळवाच्या दिवसांतल्या दमट हवेत घाम आधीच वाळत नाही, त्यात वारा अडला की शर्ट पाठीला चिकटलाच. दुकानातच कापड तोंडाशी धरून फुंकर मारा, पलीकडच्या तळहाताला हवा लागली पाहिजे. साध्या विणीची, पिळदार धाग्याची लोकर, चौरस मीटरला २२० ते २६० ग्रॅम वजनाची, या कामाला उत्तम. लोकर म्हटलं की आपल्याला स्वेटर आठवतो, पण ही मोकळ्या विणीची असते, घाम टिपते आणि चुरगळतही नाही. लिनन आणखी हवेशीर, मात्र पंगतीतून उठेपर्यंत कोपरात आणि गुडघ्यामागे चुण्या पडलेल्या असतात. त्या चालणार असतील तरच घ्या, आणि कापण्याआधी पाण्यातून काढून घ्या, नाहीतर पहिल्या धुलाईत आटेल. काठावरचा ‘सुपर १२०’ हा आकडा लोकरीचा तंतू किती तलम ते सांगतो, थंडाव्याशी त्याचा संबंध नाही. भेसळीची शंका असेल तर चार धागे जाळून बघा : लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

एवढं करून लोक फसतात ते अस्तरात. हजारोंचं कापड घ्यायचं आणि आत पॉलिस्टरचं अस्तर लावायचं, म्हणजे सगळं मुसळ केरात. टेलरला सांगा : पाठीला अस्तर फक्त खांद्याच्या पात्यांपर्यंत, खाली मोकळं. पुढच्या भागाला आणि बाह्यांना मात्र हवंच, तेही व्हिस्कोसचं. बाहीतलं अस्तर काढलं तर ओला शर्ट अडकतो आणि कोट घालता-काढताना त्रास होतो. पाठ उघडी राहिली की आतल्या शिवणी दिसतात, त्यांच्या कडा पट्टीने बांधाव्या लागतात. काम वाढतं, म्हणून टेलर ‘असं शिवत नाहीत’ म्हणेल. मजुरी जास्त द्या, पण हट्ट सोडू नका. छातीला आकार देणारा आतला थर डिंकाने चिकटवलेला (फ्युजिंग) नको, टाक्यांनी बसवलेला (कॅनव्हास) मागा. डिंकाचा थर हवा अडवतो, शिवाय पुढे कापडावर फुगे येतात. खांद्याचे पॅड पातळ ठेवा, मागे दोन चिरा ठेवा. जोधपुरीचा मोह भर दुपारच्या मुहूर्ताला टाळावा, कारण बंद गळ्यातून वाफ वर निघत नाही.

प्रश्न : सातारा न्यायालयात वकिली करतो. उन्हाळ्यात काळा कोट नकोसा होतो. उपाय?
– एक वकील, सातारा

आधी नियम. बार कौन्सिलच्या नियमांनुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालय वगळता उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. तरी घालायचाच असेल तर उन्हातून जाताना हातावर घ्या. काळा रंग उन्हातच जास्त तापतो, पंख्याखाली त्रास रंगापेक्षा अस्तराचा. ते वर सांगितल्याप्रमाणे कमी करून घ्या. आतला शर्ट शुद्ध सुती, आणि खळ न घातलेला. खळीने विणीतली छिद्रं बुजतात, हे कडक इस्त्रीच्या हौशी मंडळींना पटत नाही. बनियन बाह्यांचं घाला, काखेतला घाम कोटापर्यंत जात नाही.

प्रश्न : सूट शिवून झालेला आहे. काखेत पांढरे डाग आणि वास. ड्रायक्लीन करूनही जात नाही.
– एक वाचक, मिरज

ते डाग घामातल्या मिठाचे. ड्रायक्लीनच्या द्रावणात मीठ विरघळत नाही, त्याला पाणीच लागतं. धुलाईला देण्याआधी स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने डाग टिपा, चोळू नका, आणि सावलीत वाळवा. दुकानात ‘घामाचे डाग आहेत’ असं स्पष्ट सांगा. डागावर इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो पक्का बसतो. पुढच्या वेळी काखेत सुती पॅड टाचा, ते काढून धुता येतात. पाठीचं अस्तर जुन्या कोटातूनही कमी करता येतं, पण त्याआधी आतल्या शिवणी बांधता येतील का ते टेलरला उकलून पाहू द्या.

घातलेला कोट लगेच कपाटात कोंबू नये. रुंद खांद्यांच्या हँगरवर रात्रभर वाऱ्याला ठेवा. ड्रायक्लीनची प्लॅस्टिकची पिशवी घरी आल्याबरोबर काढून टाका, पावसाळ्यात तिच्यातच बुरशी धरते.