नळाला पाणी, गिझर मात्र कोरडा

प्रश्न : आम्ही जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, करून घेतली आहे. आत 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गिझर आहे. गाडी बरेच महिने उभी राहणार होती, म्हणून गाडी बनवणाऱ्याने गिझर रिकामा करून मागचे तीन कॉक फिरवून दिले. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेलो, शेजारच्या शेडमधून वीज घेतली. गरम नळ सोडून पाहिला, पाणी व्यवस्थित आलं. गिझर लावला, पण पाणी गारच! दुकानदार म्हणतो, कॉइल जळाली, गिझरच नवा घ्या. कॉइल घरी बदलता येईल का? 3 किलोवॅटची टाकू का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, नवा गिझर घेऊ नका, आणि नवी कॉइलसुद्धा घाईने बसवू नका. आधी ते तीन कॉक बघा. गिझरच्या आत जाणारा आणि बाहेर येणारा कॉक बंद अन् मधला उघडा असेल, तर गार पाणी गिझरला वळसा घालून थेट गरम नळात जातं. नळ धो धो वाहतो, टाकीत थेंब नसतो. कोरडी कॉइल लगेच लालभडक होते, तापमान वाढलं की वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटला आच लागेपर्यंत तिचा कारभार आटोपलेला असतो. कॉक तसेच राहिले तर दुसरी कॉइलही पहिलीच्या वाटेने जाणार.

बदलणं अवघड नाही. बटण बंद करून भागणार नाही, प्लगच उपसा. यात्रेतल्या जोडणीत फेज-न्यूट्रल उलट असले तर बटण बंद असूनही कॉइलवर फेज राहतो. वायरींचा फोटो काढून त्या सोडवा, मल्टीमीटर दोन टोकांना लावा. 2 किलोवॅटची चांगली कॉइल 26 ओहमच्या आसपास दाखवते. तुटलेली काहीच दाखवत नाही. टोक आणि गिझरचं अंग यांच्यात मात्र काहीही दाखवता कामा नये. तिथे आकडा आला तर करंट पत्र्यात उतरतोय. तुमचं तर अख्खं घरच पत्र्याचं! करंट गळताच वीज तोडणारी 30 मिलिअँपियरची आरसीसीबी नसेल तर या निमित्ताने बसवाच.

टाकी रिकामी असल्याची खात्री करून कॉइल ज्यावर बसवलेली असते त्या चकतीचे नट सोडा आणि कॉइल बाहेर काढून उजेडात धरा. नळी फुगलेली, काळी-निळी, कुठेतरी चिरलेली आणि क्षार नाममात्र, म्हणजे ती कोरडी जळाली. पांढऱ्या खडबडीत थराने नळी बोटाएवढी जाड झाली असेल तर दोष बोअरच्या पाण्याचा. आपल्याकडे तो प्रकार नित्याचा आहे. टाकीतले क्षार हाताने काढा, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. आतलं काचेचं अस्तर गेलं की टाकी गंजते. टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजून तार उरली असेल तर तोही बदला. चकतीखालचं गॅस्केट (पाणी अडवणारं रबर) नवीनच घ्या, जुनं चार दिवसांत पाझरतं.

3 किलोवॅटचा नाद सोडा. 2 किलोवॅट 8.7 अँपियर ओढतात, 3 किलोवॅट 13. यात्रेतली ती लांबलचक वायर तापेल, आणि मिळेल काय? 15 लिटर पाणी 15 अंशांवरून 55 वर न्यायला वीसेक मिनिटं लागतात, त्यातली सातेक वाचतील. तेवढ्यात चहा होतो. परदेशी कॅम्परची 120 व्होल्टची कॉइल कुणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. 230 वर ती जवळपास चौपट वीज ओढून जळून जाते. इन्व्हर्टरवरही गिझर नको. 12 व्होल्टच्या बॅटरीतून 170 अँपियरच्या वर खेचले जातात.

कॉइल बसली की मधला कॉक बंद, बाजूचे दोन उघडे. पंप लावून गरम नळ सोडा. आधी फुसफुस हवा येईल, मग पाणी गचके खाईल. धार सलग झाली की चकतीभोवती कोरडा कागद फिरवून बघा. ओल नसेल तर मगच प्लग लावा.